बॅकअपची वारसनोंद

बॅकअप म्हणजे एका यंत्रावरच्या माहितीची दुसरीकडे ठेवलेली प्रत. व्याख्या सोपी आहे, पण ‘एका यंत्रावरच्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या, हे ठरवणे सोपे नाही. संगणकाचे नाव बदलते, डिस्क बदलते, मदरबोर्ड जळतो, जुनी ऑपरेटिंग सिस्टिम जाऊन नवी येते, आणि एक दिवस सगळा डबाच नवा येतो. समोरचे यंत्र कालचेच आहे की वेगळे, याचा निर्णय बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमला दर वेळी करावा लागतो. कालचेच असेल तर फक्त बदललेल्या फाइल्स घ्यायच्या. वेगळे असेल तर सगळे पहिल्यापासून. जमिनीच्या कागदपत्रांत हा पेच फेरफाराने सुटतो. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव बदलते, गट क्रमांक तोच राहतो, आणि जुन्या नावाला नव्या नावाशी जोडणारी नोंद गाव नमुना सहामध्ये मिळते. बॅकअपच्या व्यवहारात अशी फेरफाराची वही यायला कित्येक दशके जावी लागली.

सुरुवातीला तिची गरजही नव्हती, कारण माहिती यंत्रात राहतच नसे. १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाला मिळालेल्या पहिल्या युनिव्हॅकमध्ये माहिती टेपवर असे, आणि १९५२ मध्ये आलेल्या आयबीएमच्या ७२६ या टेपयंत्रानेही तीच पद्धत रूढ केली. पगारपत्रकाचे उदाहरण घेता येईल. मागच्या आठवड्याची मुख्य टेप आणि या आठवड्यातल्या बदलांची टेप, दोन्ही वाचून यंत्र तिसऱ्या टेपवर नवे मुख्य पत्रक लिहीत असे. जुनी टेप पुसली जात नसे, ती कपाटात जाई. आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांच्या टेपा ठेवण्याची प्रसिद्ध रीत यातूनच आली. बॅकअप हे वेगळे काम नव्हते, रोजच्या कामाच्या ओघात ते आपोआप होई. टेपच्या सुरुवातीला लिहिलेल्या लेबलात टेपक्रमांक असे, त्यानंतर फाइलचे नाव. पगारपत्रकाची ओळख त्या नावाने होत असे, ते कोणत्या यंत्रावर तयार झाले यावरून नव्हे. यंत्र हे टेप वाचणारे आणि लिहिणारे साधन होते, माहितीचे घर नव्हते.

म्हणूनच त्या काळात यंत्र बदलले तर अडचण ओळखीची नसे, लिपीची असे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली तेव्हा टेपवरचे सात माग जाऊन नऊ माग आले, सहा बिटांचे अक्षर आठ बिटांचे झाले. जुन्या टेपा नव्या यंत्राला वाचता याव्यात म्हणून सात मागांची टेपयंत्रेही शेजारी ठेवावी लागली आणि महत्त्वाच्या फाइल्स नव्या मांडणीत उतरवून घ्याव्या लागल्या. हे काम कष्टाचे होते, पण त्यात फसगत नव्हती: टेप वाचता आली किंवा आली नाही, मधले काही नसे.

फसगतीला जागा मिळाली ती डिस्कमुळे. १९५६ मध्ये आयबीएमची रॅमॅक आली, पन्नास तबकड्यांवर पन्नास लाख अक्षरे मावणारी. पुढच्या दोन दशकांत माहिती टेप सोडून डिस्कवर कायमची राहायला आली आणि टेप तिची प्रत ठेवण्यापुरती उरली. आता प्रत कशाची, हे लिहून ठेवणे भाग झाले, आणि ते लिहिताना जे नाव हाताशी होते तेच वापरले गेले: डिस्क ज्या जागी जोडली आहे त्या जागेचे नाव.

युनिक्समधल्या ‘डंप’ या प्रोग्रॅमच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ मध्ये, तो प्रथम आला. त्याची शून्य ते नऊ अशा पायऱ्यांची रचना बर्कलीच्या युनिक्समधून जगभर गेली. शून्य म्हणजे संपूर्ण डिस्क. पुढची प्रत्येक पायरी म्हणजे तिच्याहून खालच्या पायरीचा बॅकअप घेतल्यानंतर बदललेले तेवढेच. हा हिशेब ठेवण्यासाठी बर्कलीच्या आवृत्तीत ‘डंपडेट्स’ नावाची एक छोटी मजकुराची फाइल होती. तिच्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी असत: डिस्कचे यंत्रातले नाव, पायरी आणि तारीख. सगळी इमारत पहिल्या रकान्यावर उभी होती. डिस्क दुसऱ्या कंट्रोलरला जोडली की तिचे नाव बदले. मग पाचव्या पायरीचा बॅकअप मागितला तरी डंपला त्या नावापुढे जुनी नोंद सापडत नसे, आणि तो सगळी डिस्क टेपवर उतरवत बसे. एका टेपचे काम पाच टेपांवर जाई, आणि रात्री टेप बदलायला कोणी हजर नसेल तर ते अर्धवट राही.

यावरचा उपाय त्या काळाला शोभेसा साधा होता. फाइल मजकुराची असल्यामुळे प्रशासकाने ती एडिटरमध्ये उघडायची, जुने नाव खोडून नवे लिहायचे आणि जतन करायची. गरज पडल्यास ही फाइल हाताने दुरुस्त करावी, असे डंपच्या माहितीपानातच सांगितले होते. बॅकअपच्या क्षेत्रातली पहिली फेरफार नोंद हीच म्हणायला हवी: एक ओळ, एक शब्द.

पण याच रचनेत उलटा धोकाही होता, आणि तो अधिक गंभीर होता. नाव जुने आणि डिस्क मात्र वेगळी, असे झाले तर काय? डंपला नाव ओळखीचे वाटे, शून्याव्या पायरीची तारीख सापडे, आणि त्या तारखेनंतर बदललेल्या फाइल्स घेऊन तो समाधानाने थांबे. दुसऱ्या यंत्रातून काढून लावलेल्या डिस्कवरच्या जुन्या फाइल्स कोणत्याच टेपवर जात नसत. कोणताही संदेश नाही, कोणतीही चूक नोंदली जात नाही. यंत्र बदलल्यावर बॅकअप नको तितका मोठा होणे हा खर्चाचा प्रश्न आहे. तो नको तितका लहान होणे हा माहिती गमावण्याचा प्रश्न आहे. पुढच्या चाळीस वर्षांतल्या बहुतेक सुधारणा पहिल्या त्रासातून सुटका करण्यासाठी झाल्या, कारण तो लगेच दिसतो. दुसऱ्याकडे तितके लक्ष गेले नाही.

लिनक्समध्येही हीच गोष्ट पुन्हा घडली. जीएनयू टारचा वाढीव बॅकअप एका स्वतंत्र फाइलमध्ये प्रत्येक फोल्डरसोबत डिस्कचा अंतर्गत क्रमांक लिहून ठेवतो. हा क्रमांक यंत्र पुन्हा सुरू केल्यावर किंवा नेटवर्कवरची डिस्क नव्याने जोडल्यावर बदलू शकतो, आणि एकही फाइल बदललेली नसताना सगळ्या फाइल्स नव्या ठरतात. शेवटी ‘क्रमांक तपासू नको’ असे सांगणारा पर्यायच त्यात घालावा लागला. पुढे लिनक्सच्या कर्नेलमध्ये साध्या हार्ड डिस्कची नावे ‘एचडीए’ची ‘एसडीए’ झाली, तेव्हा अनेक ठिकाणच्या बॅकअप स्क्रिप्ट रातोरात निकामी ठरल्या. त्या काळातच डिस्कची ओळख जोडणीच्या जागेऐवजी तिच्यावरच लिहिलेल्या लांबलचक यूयूआयडी क्रमांकाने करण्याची सवय रुजली. घराच्या पत्त्याऐवजी माणसाच्या नावाने ओळखण्यासारखाच हा बदल होता.

घरगुती आणि लहान कचेऱ्यांतल्या संगणकांची कथा वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आली. मार्च १९८३ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, आणि तिच्यासोबतच्या डॉस २.० मध्ये ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ या दोन कमांड. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपींवर ती डिस्क उतरवायला जवळपास तीस फ्लॉपी लागत. प्रत्येकीवर क्रमांक घालून त्या डब्यात ठेवाव्या लागत. पुढे १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये बॅकअपची मांडणीच बदलली. डॉस बदलताना जुन्या फ्लॉपींचे काय होणार, याचा विचार न करणाऱ्यांना याची किंमत मोजावी लागे: फ्लॉपी शाबूत, संगणक शाबूत, आणि दोघांची भाषा वेगळी.

डॉसने दिलेली दुसरी देणगी म्हणजे ड्राइव्हची अक्षरे. डॉस आधी प्रत्येक हार्ड डिस्कच्या मुख्य भागाला अक्षर देत असे आणि मग उरलेल्या भागांना. त्यामुळे एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग असलेल्या संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसवली, की नव्या डिस्कचा मुख्य भाग डी होई आणि जुना डी सरकून ई होई. हिशेबाच्या फाइल्स जुन्या डीवर असल्या, तर ‘डीचा बॅकअप घे’ ही आज्ञा दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या डिस्कचा बॅकअप इमानाने घेत राही. जागा वाढवण्यासाठी केलेल्या सुधारणेतच बॅकअप तुटत असे.

विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांत अक्षरे स्थिर झाली, पण वाटा बदलल्या. एक्सपीपर्यंत वापरणाऱ्याच्या फाइल्स ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरमध्ये असत. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टात त्या ‘युजर्स’मध्ये गेल्या. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून मायक्रोसॉफ्टने जुन्या नावाची एक पाटी तिथेच ठेवली, जी नव्या जागेकडे वळवत असे, पण तिच्यातून फाइल्सची यादी पाहण्याला मनाई होती. परिणामी जुन्या वाटेची यादी घेऊन आलेल्या बॅकअप प्रोग्रॅमला कधी प्रवेश नाकारला जाई. काही प्रोग्रॅम अशा पाट्यांमागे पाट्या ओलांडत त्याच फोल्डरमध्ये गोल गोल फिरत. यादीतले फोल्डर आणि वगळायचे फोल्डर या दोन्ही गोष्टी बॅकअपच्या रचनेत लिहिलेल्या असतात. यंत्र बदलताना पहिलीकडे लक्ष जाते, दुसरी बहुधा विसरली जाते.

एकाच सर्व्हरवरून अनेक यंत्रांचा बॅकअप घेण्याची पद्धत १९९० च्या दशकात पसरली आणि ओळखीच्या प्रश्नाला मोठे रूप आले. मेरिलँड विद्यापीठात तयार झालेल्या अमांडा या बॅकअप प्रोग्रॅममध्ये एक यादी असे. तिच्या ओळीत यंत्राचे नाव आणि डिस्कचे नाव. दोन्हींपैकी एक बदलले की अमांडाच्या दृष्टीने ती नवीच डिस्क. आयबीएमने १९९३ मध्ये आणलेल्या एडीएसएमने, जे पुढे टिव्होली स्टोरेज मॅनेजर म्हणून ओळखले गेले, एक धाडसी कल्पना मांडली: पूर्ण बॅकअप एकदाच, त्यानंतर कायम फक्त बदल. त्यासाठी सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद असे, आणि ती नोंद यंत्राच्या नावाखाली, मग ‘फाइलस्पेस’खाली ठेवलेली असे. विंडोजवर या फाइलस्पेसच्या नावातच संगणकाचे नाव आणि ड्राइव्हचे अक्षर असे.

कचेरीने संगणकांना नव्या पद्धतीची नावे देण्याचे ठरवले, की त्या रात्री प्रत्येक संगणकाचा संपूर्ण बॅकअप पुन्हा सुरू होई. एवढेच असते तर एक रात्र जड गेली असती. पण जुन्या नावाखालच्या फाइल्स ‘सध्या अस्तित्वात’ या सदरात राहत. त्या पुसल्या गेल्या, हे सर्व्हरला कळवणारे यंत्रच उरलेले नसे, आणि सध्याच्या फाइलला मुदत लागू होत नसे. म्हणून त्या कायमच्या टेपांवर पडून राहत. मृत खातेदाराचे नाव सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे तसेच राहावे, तशी ही अवस्था. इथे उपाय मात्र नेमका होता: संगणकाचे नाव बदलल्यानंतर, पहिला बॅकअप सुरू होण्याआधी, सर्व्हरवर फाइलस्पेसचे नाव बदलण्याची एक कमांड द्यायची. क्रम चुकला तर नव्या नावाची फाइलस्पेस आधीच तयार झालेली असे आणि मग जुनीला ते नाव देता येत नसे. यंत्रातला बदल आणि बॅकअपमधला बदल यांचा क्रम ठरलेला असतो, हे ज्ञान प्रशासकांच्या पिढीने अशा रात्रींतून मिळवले.

२००२ मध्ये लोकांसमोर आलेल्या बॅक्युला या बॅकअप प्रोग्रॅमने फोल्डरच्या यादीचाच ठसा घेऊन ठेवला. यादीत एका शब्दाचा फरक पडला तरी पुढचा बॅकअप पूर्ण घ्यायचा, हा त्याचा नियम. तो खर्चिक आहे, पण डंपच्या उलट्या धोक्यापासून वाचवणारा आहे, म्हणून तो योग्यच मानायला हवा. याच काळातल्या ड्युप्लिसिटीने याहून कडक भूमिका घेतली. बॅकअप घेणाऱ्या यंत्राचे नाव मागच्या वेळेपेक्षा वेगळे दिसले, की तो जुने आणि नवे अशी दोन्ही नावे दाखवून थांबतो. दोन वेगळ्या यंत्रांची माहिती एकाच ठिकाणी मिसळली जाण्याची शक्यता आहे, असे सांगतो, आणि वापरणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय पुढे जात नाही. बदल झाला आहे हे माणसाला विचारून पक्के करण्याची ही पद्धत अनेकांना त्रासाची वाटते. तरीही या सगळ्या इतिहासात त्या उलट्या धोक्याला सर्वांत सरळ सामोरी जाणारी रचना हीच.

सर्वसामान्य लोकांपर्यंत हा प्रश्न पोहोचला तो ॲपलच्या टाइम मशीनमुळे. ऑक्टोबर २००७ मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीसोबत ते आले. बाहेरची डिस्क जोडायची आणि होकार द्यायचा, इतकेच काम. आत मात्र यंत्राची ओळख नेटवर्कच्या हार्डवेअर पत्त्यावर बांधलेली होती, आणि तो पत्ता लॉजिक बोर्डवर असतो. दुरुस्तीत बोर्ड बदलला, की तीच डिस्क, तेच नाव, त्याच फाइल्स असूनही टाइम मशीन तो मॅक परका मानत असे. सगळा बॅकअप पुन्हा सुरू होई, आणि जुन्या इतिहासाने आधीच भरलेल्या डिस्कवर त्याला जागा नसे. जाणकार लोक बॅकअपच्या फोल्डरवर लपवलेला जुना पत्ता खोडून नवा लिहीत. डंपडेट्समधली दुरुस्तीच ती, फक्त आता फाइल उघडी नव्हती.

२०११ च्या लायन आवृत्तीत ॲपलने ‘टीएमयुटिल’ ही कमांड दिली. तिच्यातल्या एका पर्यायाने जुन्या यंत्राचा बॅकअप नव्या यंत्राच्या नावे करता येतो, आणि दुसऱ्याने बॅकअपमधला जुना ड्राइव्ह आणि सध्याचा ड्राइव्ह एकच आहे असे सांगता येते. पहिल्या पर्यायाच्या इंग्रजी नावाचा अर्थ सरळ ‘बॅकअपचा वारसा घेणे’ असा आहे. इंटरनेटवर बॅकअप ठेवणाऱ्या सेवांनाही हाच शब्द सुचला. बॅकब्लेझमध्ये नवा संगणक जुन्याची बॅकअपस्थिती वारशाने घेतो. क्रॅशप्लॅनमध्ये नवा संगणक जुन्याला दत्तक घेत असे. या सेवांमध्ये वारसा नसेल तर शेकडो गिगाबाइट घरच्या जोडणीवरून पुन्हा पाठवावे लागतात आणि त्यात आठवडे जातात, म्हणून ही सोय ऐच्छिक राहू शकली नाही. तांत्रिक लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी कुटुंबातलेच शब्द निवडले, यात नवल नाही. मागच्याचे सगळे पुढच्याच्या नावे करायचे, पण दोघे एक नाहीत हेही नोंदवायचे, या व्यवहाराला समाजाने फार आधीच शब्द शोधून ठेवले होते.

आभासी यंत्रांमुळे हार्डवेअर बदलण्याचा प्रश्न मिटेल असे वाटले होते. व्हीएमवेअरच्या जगात यंत्र म्हणजे काही फाइल्स. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर ते चालू अवस्थेत हलते. पण व्यवस्थापन सर्व्हर प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक अंतर्गत क्रमांक देतो, आणि वीमसारखे बॅकअप प्रोग्रॅम त्या क्रमांकावरून यंत्र ओळखतात. यंत्र यादीतून काढून पुन्हा घातले, किंवा व्यवस्थापन सर्व्हरच नवा उभारला, की क्रमांक बदलतो आणि बॅकअपची साखळी तुटते.

यंत्र बदलले आणि बॅकअपची रचना मागे राहिली, याचे सर्वांत चांगले नोंदवलेले उदाहरण सॉफ्टवेअर प्रकल्प साठवणाऱ्या गिटलॅबचे आहे, कारण त्या कंपनीने सगळा घटनाक्रम स्वतःच प्रसिद्ध केला. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला, तर साठवणीत काहीच नव्हते. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीवर होता, आणि बॅकअप ज्या सर्व्हरवरून चाले तिथे ९.२ चे साधन वापरले जात होते. आवृत्ती जुळत नाही म्हणून ते दर वेळी चूक दाखवून थांबत होते. चुकीची सूचना देणारे ईमेल निघत होते, पण पाठवणाऱ्याची खात्री पटवणारी व्यवस्था नसल्यामुळे ते नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. निदान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि सुमारे ७०० नवी खाती गेली.

ओळखीच्या प्रश्नाला मुळातून वेगळे उत्तर देणारी वाट याच्या बऱ्याच आधी निघाली होती. १९९६ मध्ये आलेल्या आरसिंकने दोन ठिकाणच्या फाइल्स तुकड्यातुकड्याने जुळवून फक्त फरक पाठवण्याची रीत दिली. बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या आणि २००२ मध्ये मांडल्या गेलेल्या व्हेंटीने तर माहितीच्या प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाचेच नाव दिले. तोच मजकूर कुठूनही आला तरी नाव तेच, आणि साठवण एकदाच. आजचे बोर्ग आणि रेस्टिक याच तत्त्वावर चालतात. यंत्र बदलले, नाव बदलले, वाट बदलली, तरी फाइल तीच असेल तर ती दुसऱ्यांदा साठवली जात नाही. रेस्टिक मागचा बॅकअप शोधताना यंत्राचे नाव आणि वाट पाहतो. ते न जुळल्यास सगळ्या फाइल्स पुन्हा वाचतो, पण पाठवत नाही. आठवड्यांचे काम तासांवर येते.

तरीही नाव पूर्णपणे सुटले नाही. जुने बॅकअप छाटताना रेस्टिक ते यंत्राच्या नावाने गट करून मोजतो. शेवटचे सात ठेवा असा नियम असेल, तर जुन्या नावाचे शेवटचे सात कधीच छाटले जात नाहीत. टिव्होलीच्या फाइलस्पेससारखेच ते पडून राहतात. नंतरच्या आवृत्त्यांत बॅकअपवरचे यंत्राचे नाव बदलण्याची सोय आली ती याचसाठी. दुसरी गाठ किल्लीची. बोर्गच्या एका पद्धतीत कूटबद्ध बॅकअपची किल्ली मूळ यंत्रावरच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये असते. यंत्र गेले आणि किल्लीची प्रत दुसरीकडे नसेल, तर सगळे तुकडे साठवणीत शाबूत असूनही वाचता येत नाहीत.

या अनुभवातून स्थलांतराचा जो क्रम रूढ झाला, तो जवळपास सर्व साधनांना लागू पडतो. आधी जुन्या यंत्रावरचे ठरलेले बॅकअप थांबवतात, कारण दोन यंत्रे एकाच ओळखीने लिहू लागली तर इतिहास मिसळतो. मग रचनेची फाइल, किल्ली आणि स्थानिक नोंदवही नव्या यंत्रावर आणतात, बदललेल्या वाटा आणि वगळायच्या याद्या दुरुस्त करतात, आणि त्यानंतरच जुना बॅकअप नव्या नावे करतात. पहिल्या बॅकअपचा आकार पाहिला जातो: फार मोठा असेल तर ओळख जुळली नाही, फार लहान असेल तर काहीतरी वगळले गेले. शेवटी नव्या यंत्रावर दोन फाइल्स परत आणून पाहतात, एक स्थलांतराच्या आधीच्या तारखेची आणि एक नंतरची. दोन्ही उघडल्या की मगच जुनी डिस्क पुसायला देतात.